शंकरपट (झाडीपट्टी)

शंकरपट, किंवा नुसताच पट, ही विदर्भातील बैलजोड्यांची शर्यत होय. पूर्व विदर्भातील चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा व गोंदिया या जिल्ह्यांचा धान पिकविणारा जंगलपट्टा 'झाडीपट्टी' या नावाने ओळखला जातो. येथे पट ही केवळ शर्यत नसते. दिवसा पट आणि रात्री नाटक, अशा जोडकार्यक्रमाने ती गावाच्या वार्षिक उत्सवाचे रूप घेते. बैल हे शंकराचे वाहन असल्याने या शर्यतीस शंकरपट म्हणतात, असे सांगितले जाते.

पार्श्वभूमी

झाडीपट्टीतील शेती मुख्यतः पावसाच्या व तलावांच्या पाण्यावर होणाऱ्या धानाची आहे. दिवाळीच्या सुमारास हलका धान निघतो आणि त्यानंतर भारी धानाची कापणी व मळणी होते. ही कामे आटोपली की बैलांना विसावा मिळतो, घरात धान्य येते आणि हाती थोडा पैसा खेळू लागतो. थंडीमुळे जनावरांना धावण्याचा त्रासही कमी होतो. म्हणूनच भाऊबीजेनंतरच्या मंडईपासून होळीपर्यंतचा काळ हा या भागातील उत्सवांचा हंगाम ठरला आहे.

वेगवान बैलांची परंपरा विदर्भाला नवी नाही. वर्धा, नागपूर व लगतच्या मध्य प्रदेशात आढळणारी पांढऱ्या रंगाची गवळाऊ जात चपळ चालीसाठी प्रसिद्ध आहे. डोंगराळ मुलखातून लष्करी सामान वेगाने नेण्यासाठी मराठ्यांनी या जातीची जोपासना केली, असे मानले जाते.

पटाचे आयोजन

पट भरविण्याची जबाबदारी गावातील मंडळ किंवा समिती घेते. पहिला प्रश्न तारखेचा असतो. शेजारच्या गावाचा पट त्याच दिवशी असल्यास जोड्या आणि प्रेक्षक दोन्ही विभागले जातात. म्हणून पंचक्रोशीतील तारखा पाहूनच दिवस ठरविला जातो.

दुसरा प्रश्न जागेचा. धानाच्या बांध्या लहान असून धुऱ्यांनी तुटलेल्या असतात, त्यामुळे सरळ व सलग जमीन शोधावी लागते. तेथील दगड, खुंट व ढेकळे काढून, खड्डे बुजवून दोन समांतर धावपट्ट्या तयार करतात. शेवटच्या रेषेपुढेही बरीच मोकळी जागा सोडावी लागते, कारण भरधाव निघालेली जोडी रेषेवर थांबत नाही. प्रेक्षक धावपट्टीवर येऊ नयेत म्हणून दोन्ही बाजूंना अडसर उभारतात. बहुतेक अपघात गर्दी पुढे सरकल्यामुळे होत असल्याने आयोजकांची खरी कसोटी येथेच लागते.

खर्चासाठी लोकवर्गणी, प्रवेश शुल्क आणि दानशूरांनी लावलेली बक्षिसे यांचा आधार असतो. अनेक ठिकाणी सर्वांसाठी खुला गट आणि स्थानिक शेतकऱ्यांचा गट वेगळे ठेवतात. शर्यतीसाठीच पोसलेल्या जोडीपुढे नांगराच्या बैलांचा निभाव लागत नाही. गावातल्या शेतकऱ्यालाही जिंकण्याची संधी मिळावी, हा या विभागणीचा हेतू असतो.

जोडी हाकणाऱ्यास 'धुरकरी' म्हणतात. हलक्या गाडीला बैल जुंपून तो झेंडीची वाट पाहतो. पूर्वी निकाल पंचांच्या नजरेवर अवलंबून असे आणि त्यावरून वाद होत. आता अनेक पटांत विद्युत घड्याळे वापरतात व सेकंदाच्या अंशापर्यंत वेळ नोंदवितात.

राज्याच्या इतर भागांत शर्यतीची रीत वेगळी आहे. पुणे जिल्ह्यात घाटाच्या चढावर बैलगाडा धावतो आणि त्याच्या पुढे घोडी पळविली जाते. सातारा-सांगलीकडील मैदानांत अनेक गाड्या एकाच वेळी सुटतात.

पट आणि नाटक

पटासाठी दूरच्या गावांहून जोडीमालक, नातेवाईक आणि सासरी गेलेल्या मुली येतात. जंगलातील वाटांनी रात्री परतणे पूर्वी सोयीचे नव्हते. मुक्कामी राहिलेल्या पाहुण्यांसाठी दंडार, खडी गंमत यांसारखे लोकनाट्याचे प्रयोग होत. पुढे त्यांच्या जोडीला संगीत नाटक आले. झाडीपट्टीतील नाटक रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत चालते, यामागे हा मुक्काम हे एक महत्त्वाचे कारण मानले जाते.

आज गडचिरोली जिल्ह्यातील देसाईगंज (वडसा) हे या नाट्यव्यवसायाचे प्रमुख केंद्र आहे. गावातील मंडळ नाटक कंपनीशी करार करते, तिकिटे विकते आणि नफातोट्याची जोखीमही स्वीकारते. या रंगभूमीवरील कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

ब्रिटिश काळातील अश्वशर्यतींशी तुलना

नागपूरचे भोसले राज्य १८५४ मध्ये खालसा झाल्यावर चांदा (आजचा चंद्रपूर) जिल्हा ब्रिटिश अमलाखाली आला. १८६१ मध्ये मध्य प्रांताची स्थापना झाली. त्या काळात इंग्रजांनी लष्करी छावण्या आणि मोठ्या शहरांतून घोड्यांच्या शर्यती रुजविल्या. पुण्याचे शर्यतमैदान १८३० चे, तर मुंबईचे महालक्ष्मी मैदान १८८३ चे आहे. क्लबचे सभासदत्व, छापील नियम, घोड्याच्या कुवतीनुसार ठरणारे वजन आणि पैजा हे त्या शर्यतींचे विशेष होते. मुंबई इलाख्यात १९१२ मध्ये शर्यतमैदानांना परवाना देण्याचा स्वतंत्र कायदाही झाला.

पटाला असे छत्र कधी लाभले नाही. त्याचे नियम गावाच्या संकेतांत राहिले आणि पंचांचा शब्द हाच त्याचा कायदा होता. अश्वशर्यतीचा घोडा केवळ शर्यतीसाठीच पैदा केला जाई. पटातील बैल मात्र बहुधा शेतीच्याच दावणीतला असे. हा फरक पुढे न्यायालयीन वादातही महत्त्वाचा ठरला.

बंदी आणि पुनरारंभ

प्राण्यांच्या छळाविरुद्ध ब्रिटिश सरकारने १८९० मध्ये कायदा केला होता. त्याची जागा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने घेतली. ११ जुलै २०११ रोजी केंद्र सरकारने अधिसूचना काढून, ज्या प्राण्यांचे खेळ करता येणार नाहीत त्यांच्या यादीत बैलाचा समावेश केला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तामिळनाडूतील जल्लीकट्टूसह महाराष्ट्रातील बैलगाडा शर्यतींवर बंदी घातली. घोड्याप्रमाणे धावणे ही बैलाची शरीररचना नाही, तो भीती व वेदनेपोटी धावतो, असे या निकालात म्हटले होते. तुतारीने टोचणे, शेपूट पिरगाळणे, विजेचा झटका देणे या प्रकारांवरील आक्षेप त्यामागे होते.

शेतकरी संघटना व बैलमालकांची बाजू अशी होती की, छळ थांबवावा, शर्यत नव्हे. शर्यत बंद झाली तर देशी खोंड पोसण्याचे कारणच उरणार नाही, हा त्यांचा मुख्य मुद्दा होता. ट्रॅक्टरमुळे शेतीतील बैल आधीच कमी होत असल्याने त्यात तथ्य होते. दुसरीकडे, परंपरा जुनी असल्यामुळे वेदना कमी होत नाही, ही प्राणिप्रेमींची भूमिकाही दुर्लक्षिण्यासारखी नव्हती.

महाराष्ट्र विधिमंडळाने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली; परंतु मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशामुळे शर्यती थांबलेल्याच राहिल्या. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटींसह परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्याची दुरुस्ती वैध ठरविली.

सद्यःस्थिती

आता पटासाठी जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी, अनामत रक्कम आणि बैलांची पशुवैद्यकीय तपासणी आवश्यक असते. काठी, तुतारी वा विजेचे साधन वापरता येत नाही. नियमभंग करणाऱ्यास दंड व कारावासाची तरतूद आहे. गावसंकेतांवर चालणारा पट अशा रीतीने लेखी नियमांच्या कक्षेत आला. त्यामुळे आयोजकांची जबाबदारी वाढली, तशीच बैलाच्या संरक्षणाची हमीही प्रथमच कागदावर आली. बंदीच्या काळात मंडई आणि नाटकांनी झाडीपट्टीचा हंगाम टिकवून धरला. पटाच्या आश्रयाने वाढलेली ही रंगभूमी तोवर स्वतःच्या पायावर उभी राहिली होती.