लडाखची तयारी: आधी मुक्कामाची उंची बघा

‘दर रविवारी गड चढतो, आम्हाला कसला त्रास होणार?’ लडाखला निघालेल्या आपल्याकडच्या मंडळींमध्ये हे वाक्य हमखास ऐकू येतं. त्यामागची तयारी खरी असते, पण त्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा असतो. महाराष्ट्रातल्या सह्याद्रीचं सर्वांत उंच शिखर, कळसूबाई, १,६४६ मीटर आहे. लेह शहर सुमारे ३,५०० मीटरवर वसलंय. विरळ हवेचा त्रास साधारणपणे २,५०० मीटरच्या वर सुरू होतो, म्हणजे आपल्याकडचा अख्खा सह्याद्री त्या रेषेच्या बराच खाली राहतो. गड चढून पाय आणि दम तयार होतो, उंचीची सवय होत नाही. उलट धडधाकट माणसाची काळजी जास्त वाटते. त्याला पहिल्या दिवशी खोलीत स्वस्थ बसवत नाही आणि डोकं ठणकत असलं तरी तो चारचौघांत बोलत नाही.

‘तिकडे झाडं नाहीत, म्हणून ऑक्सिजन कमी.’ हा समज इतका पसरलाय की गाडीत बसल्या बसल्या तो एकमेकांना समजावून सांगितला जातो. झाडांचा इथे संबंध नाही. लेहच्या हवेतही ऑक्सिजनचं प्रमाण मुंबईइतकंच, म्हणजे सुमारे २१ टक्के असतं. कमी होतो तो हवेचा दाब. लेहला तो समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन तृतीयांश असतो आणि ५,३५९ मीटरवरच्या खारदुंग ला खिंडीत जवळजवळ निम्म्यावर येतो. त्यामुळे तेवढ्याच श्वासात ऑक्सिजन कमी मिळतो. शरीर यावर उपाय शोधतं: श्वास जोरात आणि भरभर घेतला जातो, त्याने रक्ताचं रसायन बदलतं आणि ते सावरण्याचं काम मूत्रपिंडं करतात. या कामाला दिवस लागतात. व्यायामाने किंवा खाण्यापिण्याने ते दिवस कमी होत नाहीत. म्हणून लडाखची खरी तयारी बॅगेत नसून प्रवासाच्या वेळापत्रकात असते, आणि सहलीच्या पत्रकात नेमकी तिथेच काटछाट झालेली असते.

कापराबद्दल स्पष्ट बोलायला हवं, कारण आपल्या जवळपास प्रत्येक ग्रुपमध्ये रुमालात कापूर बांधून दिलेला असतो. कापूर हुंगला की नाकात गार वाटतं आणि हवा मोकळी आत जातेय असा भास होतो. रक्तातला ऑक्सिजन त्याने वाढत नाही. भास झाला तर बिघडलं कुठे, असं कोणी म्हणेल. बिघडतं ते असं, की बरं वाटल्यासारखं झालं म्हणून माणूस पुढच्या खिंडीकडे निघतो. शिवाय कापूर पोटात गेला तर लहान मुलांना झटके येऊ शकतात, म्हणून तो त्यांच्या हाती देऊच नये. कोकाच्या होमिओपॅथिक गोळ्यांनी उंचीचा त्रास टळतो याला भरवशाचा पुरावा नाही. ऑक्सिजनचा लहानसा फवारा-डबा काही मिनिटांत संपतो. तो घ्यायचा असेल तर घ्या, पण त्याच्या जिवावर मुक्काम ठरवू नका.

‘डायमॉक्स घेतली की लक्षणं झाकली जातात’ हाही गैरसमजच. डायमॉक्समधलं ॲसिटाझोलामाइड हे औषध मूत्रपिंडांचं वर सांगितलेलं कामच लवकर करून देतं, त्यामुळे सवय होण्याचा वेग वाढतो. प्रौढांमध्ये प्रतिबंधासाठी सहसा १२५ मिलिग्रॅमची मात्रा दिवसातून दोनदा, चढण्याच्या आदल्या दिवसापासून दिली जाते. त्याने बोटांना मुंग्या येतात, लघवीला वारंवार जावं लागतं. सल्फा औषधांची ॲलर्जी असलेल्यांनी आणि मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी ही गोळी स्वतःच्या मनाने घ्यायची नाही. मित्राने घेतली म्हणून आपण घेतली, असं करू नका. डॉक्टरांना विचारूनच घ्या.

आता रस्त्याचा प्रश्न. विमानाने एकदम वर जाण्यापेक्षा रस्त्याने हळूहळू जाणं चांगलं, हे तत्त्व म्हणून बरोबर आहे. पण कोणत्या रस्त्याने? श्रीनगरहून निघालात तर कारगिलला सुमारे २,७०० मीटरवर झोपून लेहला पोचता येतं, चढ शरीराला पेलेल असा असतो. मनालीचा रस्ता वेगळा आहे. २०२० मध्ये अटल बोगदा सुरू झाल्यापासून मनालीहून लाहौलमध्ये फार लवकर पोचता येतं, म्हणून पुष्कळ जण पहिला मुक्काम थेट सरचूला करतात. सरचू जवळपास ४,३०० मीटरवर आहे, म्हणजे लेहपेक्षाही सुमारे ८०० मीटर उंच. रात्रभर डोकं धरून बसलेली माणसं तिथल्या तंबूंमध्ये नेहमीच दिसतात. या रस्त्याने जायचं असेल तर लाहौलमधल्या जिस्पा किंवा केलाँगला दोन रात्री काढाव्यात आणि नंतर सरचू किंवा पांगला न थांबता लेह गाठायचं बघावं. दिवस मोठा आणि दमवणारा होतो, पण झोप खाली मिळते.

कारण शरीरावर खरा ताण झोपण्याच्या उंचीचा येतो. ‘खारदुंग लाला फोटो काढले, काही झालं नाही, म्हणजे मला उंची मानवते’ असं म्हणणाऱ्याने एवढं लक्षात घ्यावं की हा त्रास बहुधा सहा ते बारा तासांनी सुरू होतो. खिंडीत वीस मिनिटं थांबून उतरलेल्या माणसाची परीक्षा झालेलीच नसते. ३,००० मीटरच्या वर झोपण्याची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असा डॉक्टरांचा सर्वसाधारण नियम आहे. विमानाने लेहला उतरणारा हा नियम पहिल्याच दिवशी मोडतो, म्हणून त्याने किमान दोन पूर्ण दिवस लेहमध्येच काढावेत, तीन काढले तर उत्तम. या दिवसांत दारू आणि झोपेच्या गोळ्या नकोत, कारण दोन्हींमुळे झोपेत श्वास मंदावतो. त्यानंतर नुब्रा खोरं, कारण तिथलं हुंदर लेहपेक्षा खाली, सुमारे ३,१०० मीटरवर आहे. ४,२०० मीटरच्या वर असलेला पँगाँग तलाव शेवटी.

बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरने सध्या भलतीच घबराट होते. लेहला पहिल्या दिवशी ८८ दिसलं की घरी फोन जातात. या उंचीवर निरोगी माणसाचाही आकडा नव्वदीच्या खाली जाऊ शकतो. बोटं गार असतील किंवा नेलपॉलिश लावलेलं असेल तर तो चुकीचाही दिसतो. आकड्यापेक्षा माणसाकडे बघा: जेवला का, झोपला का, नीट बोलतोय का.

विदर्भातल्या आणि आदिवासी भागातल्या वाचकांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण ती सहलीच्या माहितीत सहसा येत नाही. तिथे सिकलसेलचे वाहक पुष्कळ आहेत. एरवी वाहकाला सहसा काही त्रास नसतो, पण मोठ्या उंचीवर त्याच्या प्लीहेचा रक्तपुरवठा अडू शकतो. डाव्या बरगडीखाली तीव्र कळ येणं ही त्याची खूण. सिकलसेलचा आजारच असेल तर धोका कितीतरी मोठा. निघण्यापूर्वी रक्ताची तपासणी करून घ्या. हृदयविकार, फुप्फुसाचे विकार आणि गरोदरपण असेल तरीही आधी डॉक्टरांशी बोला.

बाकी सामान थोडक्यात: पोस्टपेड सिम, कारण बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड तिथे चालत नाही. रोख पैसे. अतिनील किरणांपासून वाचवणारा चष्मा. परतीच्या विमानाआधी एक दिवस मोकळा, कारण हवामान बिघडलं की उड्डाणं रद्द होतात.

शेवटचा गैरसमज सर्वांत घातक: ‘त्रास झालाच तर खाली उतरू.’ पँगाँगहून लेहला उतरण्यासाठी आधी चांग ला ही खिंड चढावी लागते आणि ती ५,३०० मीटरहून उंच आहे. नुब्रातून परततानाही एरवी खारदुंग ला ओलांडावा लागतो, मात्र तिथे निदान दिस्कितला रुग्णालय आहे. म्हणून पुढे जायचं की नाही हा निर्णय पँगाँगला निघण्याआधी, लेहमध्येच घ्यायचा असतो. त्या सकाळी डोकं दुखत असेल, मळमळत असेल, तर लेहमध्येच थांबा. बसल्या जागी धाप लागत असेल, खोकला वाढत असेल, किंवा टाचेला अंगठा लावत सरळ रेषेत चालताना तोल जात असेल, तर फुप्फुसात किंवा मेंदूत पाणी साठू लागल्याची शंका घ्या आणि वाट न बघता लेहचं सोनम नोरबू रुग्णालय गाठा. रात्रीचे दोन वाजले असले, तरी ड्रायव्हरला उठवा.