गर्द

गर्द : हेरॉइनचा तपकिरी, अशुद्ध प्रकार. ‘ब्राउन शुगर’ या नावानेही तो ओळखला जातो. अफूच्या बोंडांतील चिकापासून मॉर्फीन मिळते आणि मॉर्फिनावर ॲसिटिक ॲनहायड्राइडाची विक्रिया करून हेरॉइन तयार करतात. सी. आर. ॲल्डर राइट या इंग्रज रसायनशास्त्रज्ञांनी ते १८७४ मध्ये प्रथम बनविले. १८९८ पासून बायर या जर्मन कंपनीने ते खोकल्यावरील औषध म्हणून विकले. त्याची मॉर्फिनासारखी सवय लागत नाही, असा तेव्हा समज होता. तो किती घातक होता, हे थोड्याच वर्षांत कळून चुकले.

अफू व गांजा भारताला पूर्वापार परिचित होते. गर्दचा प्रसार मात्र १९८० नंतर मुंबईसारख्या शहरांत झाला आणि ‘गर्दुल्ला’ हा हेटाळणीचा शब्द मराठीत रूढ झाला. ही हेटाळणी घरच्यांनाही सोसावी लागते. त्यामुळे व्यसन लपविले जाते व उपचार लांबतात. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत १० ते ७५ वयोगटातील सु. २.१ टक्के लोक अफूजन्य पदार्थ घेत असल्याचे आढळले. त्यांत हेरॉइन घेणारे अफू घेणाऱ्यांहून अधिक होते.

पन्नीवर पूड ठेवून खालून ज्योत देतात व धूर नळीने ओढतात. सुई लागत नसल्याने हा प्रकार सौम्य वाटतो. परंतु धुरातील हेरॉइन काही सेकंदांतच मेंदूत पोहोचते. शरीर त्याला सरावते, तसतशी मात्रा वाढवावी लागते. पुढे सुखासाठी नव्हे, तर ‘टर्की’ टाळण्यासाठी सेवन चालू राहते. टर्की म्हणजे अंमल उतरल्यावर होणारा त्रास : अंगदुखी, जुलाब, उलट्या, निद्रानाश. तो साधारणपणे आठवड्याभरात ओसरतो व सहसा प्राणघातक नसतो.

खरा धोका त्यानंतरचा आहे. सेवन थांबताच शरीराची सहनशक्ती घटते, ओढ मात्र राहते. अशा वेळी पूर्वीचीच मात्रा घेतल्यास श्वसन मंदावून मृत्यू येऊ शकतो. नॅलोक्सोन वेळीच टोचल्यास प्राण वाचतात.

म्हणून शरीरशुद्धीला उपचारांचा केवळ आरंभ मानतात. ब्युप्रेनॉर्फीन वा मेथॅडोन दीर्घकाळ देणे, समुपदेशन आणि कुटुंबाचा सहभाग यांची जोड लागते. पुण्यात अनिल व अनिता अवचट यांनी १९८६ मध्ये स्थापन केलेले मुक्तांगण या कार्यासाठी प्रसिद्ध आहे. १९८५ च्या अंमली पदार्थविषयक कायद्याने सेवन हा गुन्हा ठरतो. तथापि स्वेच्छेने मान्यताप्राप्त संस्थेत उपचार पूर्ण करणाऱ्या व्यसनी व्यक्तीस कलम ६४ अ अन्वये खटल्यापासून संरक्षण मिळू शकते.