वृक्षस्थलांतर, प्रौढ शोभिवृक्षांचे

बराच वाढलेला शोभिवंत वृक्ष मुळांसह उकरून दुसऱ्या जागी लावणे म्हणजे वृक्षस्थलांतर होय. ही कल्पना प्राचीन आहे. ईजिप्तची राणी हॅटशेपसूट हिच्या पंट देशावरील मोहिमेत (इ. स. पू. पंधरावे शतक) धुपाची झाडे मुळांसह टोपल्यांत घालून आणल्याची दृश्ये देर अल्-बाहरी येथील मंदिराच्या भिंतींवर कोरलेली आहेत. यंत्रांमुळे वृक्ष हलविणे आता सुकर झाले असले, तरी तो जगणे हे पुष्कळसे नंतरच्या निगेवर अवलंबून असते.

आघाताची कारणे : पाणी शोषणारी बारीक मुळे जमिनीच्या वरच्या थरात, पर्णसंभाराच्या कक्षेबाहेरही पसरलेली असतात. मातीच्या गोळ्याचा (हुंडीचा) व्यास खोडाच्या व्यासाच्या दहा-बारा पट ठेवला, तरी यांपैकी बहुतेक मुळे तुटून मागे राहतात. पानांतून होणारे बाष्पोच्छ्वसन मात्र चालूच असते. पाण्याची ही तूट भरून न निघाल्यास पाने कोमेजतात, त्यांच्या कडा करपतात व फांद्या शेंड्याकडून वाळत येतात. पाने गळाली म्हणजे वृक्ष मेलाच असे नव्हे. साल किंचित खरवडल्यास आत हिरवा, ओलसर थर दिसणारी फांदी जिवंत असते.

निगा : पाणी प्रथम जुन्या हुंडीलाच मिळावे लागते, कारण शिल्लक मुळे तेथेच असतात, भोवतालची माती ओली असूनही हुंडी कोरडी राहू शकते. म्हणून ती उकरून पाहून खोलवर, सावकाश पाणी देतात. उलटपक्षी पाणी साचल्यास मुळांना हवा मिळत नाही व ती कुजतात. आळ्यात पालापाचोळ्याचे ५ ते १० सेंमी. जाड आच्छादन पसरतात. ते खोडाला भिडू देत नाहीत. वाळलेल्या व मोडलेल्या फांद्या काढाव्यात. परंतु सर्व पर्णसंभार छाटल्यास मुळांच्या वाढीस लागणारे अन्न व कळ्यांत तयार होणारी वृद्धिद्रव्ये यांचा पुरवठा घटतो. पहिल्या वर्षी नायट्रोजनयुक्त खत टाळणे इष्ट, कारण त्यामुळे मुळांच्या मानाने पालवी अधिक वाढते. आधाराचे दोर सैल ठेवून मुळांनी जमीन धरताच काढतात.

वड, पिंपळ यांसारख्या वृक्षांना नवी मुळे सहज फुटतात. लांब सोटमूळ असलेल्या जातींना हा आघात अधिक जाणवतो.

पुनःप्रस्थापना : समशीतोष्ण हवामानात खोडाच्या व्यासाच्या दर २.५ सेंमी.मागे सुमारे एक वर्ष लागते, असा स्थूल ठोकताळा आहे. उष्ण प्रदेशांत हा काळ कमी असतो. नवी पालवी हा वृक्ष तगल्याचा पुरावा नव्हे. खोडात व मुळांत साठविलेल्या अन्नावरही ती फुटते व साठा संपल्यावर वृक्ष दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीही मरू शकतो. दिल्लीच्या २०२० च्या वृक्षस्थलांतर धोरणात ८० टक्के वृक्ष एक वर्षानंतर जिवंत असावेत, अशी अट घालण्यात आली. मोठ्या वृक्षांच्या बाबतीत मात्र पहिल्या वर्षाची गणना अपुरी ठरते. नव्या फांद्यांची वार्षिक वाढ पूर्ववत होणे व हुंडीबाहेर नवी मुळे पसरणे, हीच स्थलांतराच्या यशाची खरी लक्षणे होत.