रानात की माळावर?

एप्रिलमधली पहाट. अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात ओक आणि हिकरीच्या रानाला अजून पुरती पालवी फुटलेली नाही. उजाडण्याआधीच एका उंच फांदीवरून गुळण्या केल्यासारखी खणखणीत साद उमटते आणि झाडाच्या बुंध्याला टेकून बसलेला शिकारी कान टवकारतो. रानटी टर्कीचा नर जागा झाला आहे. खाली उतरून तो जाणार कुठे, रानात की पलीकडच्या कुरणात? दबा कुठे धरायचा, हे त्यावरच ठरते.

टर्की हा मोराच्याच कुळातला पक्षी. रात्र तो झाडावर काढतो, दिवसभर जमिनीवर फिरतो. वसंतात नर पिसारा फुलवून मिरवतात आणि त्यासाठी त्यांना मोकळी जागा सोयीची असते, कारण माद्यांना ते दुरून दिसतात. म्हणून सकाळी कुरणात टर्की नजरेस पडणे सोपे. मारणे मात्र अवघड. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने मान जराशी वळवली, की त्याला चहूकडचे दिसते. छर्ऱ्याच्या बंदुकीचा भरवशाचा पल्ला जेमतेम 35 ते 40 मीटर. तेवढ्या अंतरात उघड्यावरून सरकत जाणे जवळपास अशक्यच.

रानात आडोसा मिळतो, पण तिथली अडचण वेगळी. शिकारी मादीचा आवाज काढून नराला बोलावतो. निसर्गात बहुधा उलटे घडते: नर साद घालतो आणि मादी त्याच्याकडे जाते. त्यामुळे आवाजाच्या रोखाने आलेल्या नराला मादी दिसली नाही, तर तो लांबच थबकतो. जाणते शिकारी म्हणून पायवाटेचे वळण किंवा लहानसा उंचवटा शोधतात. पक्षी नजरेच्या टप्प्यात येतो, तेव्हा तो बंदुकीच्या टप्प्यातही आलेला असतो.

हवामान आणि ऋतूही हिशेबात धरावे लागतात. पावसात पानांवरून ठिबकणाऱ्या थेंबांच्या आवाजात शत्रूची चाहूल लागत नाही, म्हणून टर्की मोकळ्यावर येतात. शरद ऋतूत ओकची फळे गळू लागली, की ते पुन्हा रानात रमतात.

मादी जमिनीवरच घरटे करते, साधारण दहा-बारा अंडी घालते आणि सुमारे 28 दिवस उबवते. पिल्लांना सुरुवातीचे काही आठवडे भरपूर किडे लागतात, आणि ते मिळतात विरळ गवतात. झाडी जवळ असली, की संकटात लपताही येते. म्हणजे या पक्ष्याला रान आणि माळ दोन्ही हवेत, तेही एकमेकांना लागून.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बेसुमार शिकार आणि जंगलतोडीमुळे टर्की अनेक राज्यांतून नाहीसे झाले होते. पिंजऱ्यात वाढवलेले पक्षी सोडून पाहिले, ते जगले नाहीत. मग रानटी पक्षीच जाळ्यात पकडून नव्या रानांत सोडले गेले. मिसुरीत हे काम 1954 मध्ये सुरू झाले आणि 1960 मध्ये तिथे वसंतातली शिकार पुन्हा खुली झाली.

अलीकडे मात्र अमेरिकेच्या अनेक राज्यांत टर्कीची पुरेशी पिल्ले जगत नाहीत. म्हणून वनाधिकारी ठिकठिकाणी रानाची दाटी विरळ करून आणि ठरवून, आटोक्यात ठेवलेली आग लावून झाडीलगतच्या गवताळ जागा राखत आहेत. शिकाऱ्यालाही टर्की गाठायला सर्वांत चांगली जागा तीच: रान संपून कुरण सुरू होते ती कड.