गोष्ट अडली की मोठ्यानं सांगा

आम्ही नायगावच्या. नायगाव म्हटलं की पुष्कळांना सावित्रीबाई फुल्यांचं नायगाव आठवतं. ते साताऱ्याकडं. आमचं नायगाव नांदेड जिल्ह्यातलं, देगलूरच्या रस्त्यावर, नर्सीच्या अलीकडचं. आम्ही सहाजणी मिळून रेडिओसाठी गोष्टी लिहितो. कुणी शिवणकाम करते, कुणी अंगणवाडीत आहे, दोघीजणी रोज शेतात जातात. लेखिका म्हणावं अशी आमच्यात एकही नाही. तरी गोष्ट लिहिताना जे लेखकांचं होतं तेच आमचंही होतं. गोष्ट मध्येच अडते. पुढचं काही केल्या सुचत नाही.

मागं एक गोष्ट अशीच तीन आठवडे अडून बसली होती. ती कशी सुटली ते आज सांगतो. तुमच्यापैकी कुणी गोष्ट लिहीत असेल, किंवा वहीत अर्धवट ठेवून दिली असेल, तर उपयोगी पडेल.

गोष्ट अशी होती. एका बाईचा नवरा कर्जापायी जीव देतो. मागं अडीच एकर कोरडवाहू रान आणि दोन लेकरं. घरात सासू. बाई सातबाऱ्यावर आपलं नाव लावायला निघते. इथपर्यंत दोन पानं भराभर झाली. तिसऱ्या पानावर बाई तलाठ्याच्या दारात जाऊन उभी राहिली, आणि तिथंच उभी राहिली. तिला आत नेता येईना, परत घरी आणता येईना.

आम्ही सगळे उपाय केले. नवी वही आणली. पेन बदललं. पहिलं पान सात वेळा लिहून काढलं, तेवढंच अक्षर सुधारलं. एक दिवस एकीची नववीतली लेक शेजारी बसली होती. ती म्हणाली, "मावशी, मला सांगा की काय गोष्ट हाय ते." आम्ही वही मिटली आणि तोंडानं सांगायला लागलो. ती मधेमधे "मग?" म्हणायची. काही ठिकाणी आम्ही भडाभडा बोललो. काही ठिकाणी तिनं "मग?" म्हटलं आणि आम्ही एकमेकींच्या तोंडाकडं बघत बसलो.

त्या दिवशी कळलं. गोष्ट सगळीकडून अडलेली नसते. दोन-तीन ठिकाणीच गाठ बसलेली असते. दोऱ्याचा गुंता झाला की आपण तो ओढत नाही, गाठ कुठं आहे ते आधी बोटानं चाचपतो. गोष्ट मोठ्यानं सांगणं म्हणजे तसं चाचपणं. जिथं जीभ अडखळते, तिथं गाठ. आमच्या गोष्टीत अशा तीन गाठी निघाल्या.

पहिली गाठ भाषेची. वहीत आम्ही लिहिलं होतं, "तिच्या नयनांतून अश्रू ओघळू लागले." त्या पोरीला सांगताना मात्र तोंडातून आलं, "रडून रडून डोळे सुजले तिचे, तरी शेळीला पाला टाकायला उठली." आता तुम्हीच सांगा, कोणत्या वाक्यात बाई दिसली? पहिल्या वाक्यातल्या बाईला पुढं काय करायला लावायचं ते आम्हाला सुचत नव्हतं, कारण तशी बाई आम्ही कधी पाहिलीच नव्हती. शेळीला पाला टाकणारी बाई पुढं काय करील ते लगेच कळलं. ती लेकरांना जेवू घालील, सासूला चहा देईल, मग कागदाची पिशवी काखेत धरून निघेल.

आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं की लिहिताना 'कामून' म्हणायचं नाही, 'का' म्हणायचं. म्हणून हातात पेन आलं की आपण मनातल्या मनात आधी आपलं बोलणं पुस्तकी करतो आणि मग लिहितो. दोन कामं एकदम करताना गोष्ट हातातून सुटते.

आपल्याच भागातले रा. रं. बोराडे यांचं उदाहरण घ्या. ते लातूर जिल्ह्यातल्या काटगावचे. त्यांची 'पाचोळा' ही कादंबरी १९७१ साली आली. गंगाराम शिंप्याच्या घराची ती कहाणी आहे, आणि ती सांगते त्याची बायको पार्वती, तिच्या स्वतःच्या बोलीत. कादंबरीभर तीच बोलते. आपल्याकडच्या बाईचं बोलणं एवढं मोठं पुस्तक पेलू शकतं, तर आपली दहा मिनिटांची गोष्ट का पेलणार नाही? लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' वाचतानाही कुणी समोर बसून सांगतंय असंच वाटतं. अक्षरओळख त्यांना लग्नानंतर झाली होती.

म्हणून आमचा पहिला नियम झाला, आधी बोलीत लिहायचं. शुद्धलेखन शेवटच्या दिवशी. आणि पहिलं वाक्य सुचत नसेल तर श्रावणातल्या कहाण्यांसारखं 'आटपाट नगर होतं' म्हणून खुशाल सुरू करा. गोष्ट उभी राहिली की ते वाक्य काढून टाका. स्लॅब पक्का झाल्यावर सेंटरिंगच्या फळ्या काढतात तसं.

दुसरी गाठ माहितीची. ती पोर म्हणाली, "मग तलाठी काय म्हनला?" आम्ही गप्प. तलाठी काय म्हणतो, कोणता कागद मागतो, नाव लागायला काय काय होतं, हे आमच्यातल्या एकीलाही नीट माहीत नव्हतं. आम्ही तीन आठवडे समजत होतो की आपली प्रतिभा आटली. प्रतिभा ठीक होती, माहिती नव्हती. न बघितलेल्या घरात पाहुणीला कशी नेणार?

मग विचारून घेतलं. जमीन ज्याच्या नावावर आहे तो वारला की वारस नोंदीसाठी तलाठ्याकडं अर्ज द्यायचा. त्याला मृत्यूचा दाखला आणि सगळ्या वारसांची नावं जोडायची. तलाठी नोंद घेतो, फेरफार तयार होतो, हरकत असल्यास कळवा म्हणून नोटीस निघते, आणि मंडळ अधिकाऱ्यानं मंजुरी दिली की सातबाऱ्यावर नावं येतात.

हे ऐकताना एक गोष्ट आम्हाला नव्यानं कळली. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे नवऱ्यानं मृत्युपत्र केलेलं नसेल, तर त्याच्या मालकीच्या जमिनीत बायको आणि लेकरं हे पहिल्या वर्गाचे वारस, आणि त्याच वर्गात त्याची आईही येते. प्रत्येकीचा, प्रत्येकाचा वाटा सारखा. म्हणजे आमच्या गोष्टीतल्या अडीच एकरात बाई, दोन लेकरं आणि सासू असे चार सारखे वाटे.

आणि आम्ही काय केलं होतं? सासूला खाष्ट करून ठेवलं होतं. ती सुनेला अडवते, टोमणे मारते, नाव लावू देत नाही. गोष्टीत कुणीतरी वाईट पाहिजे, म्हणून सासू वाईट. खरं तर तिचाही लेक गेला होता. तिचाही हक्क त्याच कागदावर होता आणि तिलाही तो कुणी सांगितलेला नव्हता. हे कळल्यावर ती सासू आम्हाला रंगवता येईना, आणि बरंच झालं. गोष्ट तिच्यामुळंच अडली होती. तलाठ्याच्या दारात आम्ही एकटीला उभं केलं होतं, तिथं दोघी उभ्या राहायला पाहिजे होत्या.

म्हणून दुसरा नियम. पुढं काय होतं ते सुचत नसेल, तर डोकं खाजवत बसू नका. ज्याला ते काम माहीत आहे त्याला जाऊन विचारा. गोष्टीत बाई कापूस विकत असेल तर वजनकाट्यापाशी जाऊन उभं राहा. दवाखान्यात असेल तर तिथल्या बाकावर तासभर बसा. येताना चार वाक्यं घेऊनच याल.

तिसरी गाठ सगळ्यांत अवघड, भीतीची. भाषा सुटली, माहिती मिळाली, तरी आमच्यातली एकजण त्या तिसऱ्या पानावर बोलतच नव्हती. वही तिच्याकडं गेली की कोरीच परत यायची. एका संध्याकाळी तिनं सांगितलं. गोष्ट तिची होती. आम्हाला अर्धीच माहीत होती. नवरा जाऊन चार वर्षं झाली, ती एकदा त्या दारात जाऊन उभी राहिली, दोन तासांनी परत आली, पुन्हा गेली नाही. सातबाऱ्यावर अजून नवऱ्याचंच नाव होतं. ती म्हणाली, "रेडिओ आमच्या घरीबी लागतो. सासू ऐकती, दीर ऐकतो. लोक म्हनतील, घरातलं चव्हाट्यावर मांडली."

ही भीती खोटी नाही. तिला 'घाबरू नको' म्हणून भागत नाही. बेबीताई कांबळे यांनी या भीतीचं काय केलं ते आम्ही त्या दिवशी एकमेकींना सांगितलं. बेबीताई फलटणच्या. घरचं छोटं दुकान होतं, सामान बांधायला रद्दीचे कागद यायचे. ते वाचत वाचत त्या लिहायला लागल्या. दुकानात कुणी नसलं की लिहायच्या आणि घरच्यांच्या नजरेला पडू नये म्हणून लपवून ठेवायच्या. असं थोडंथोडकं नाही, वीस वर्षं. ते लेखन १९८२ साली 'स्त्री' मासिकातून क्रमशः आलं आणि १९८६ साली 'जिणं आमुचं' या नावानं पुस्तक झालं. आज ते इंग्रजीतही वाचलं जातं.

वीस वर्षं लपवावं लागलं ही काही चांगली गोष्ट नव्हे. पण त्यातून आम्ही एक घेतलं. लिहिणं वेगळं आणि दाखवणं वेगळं. आपण दोन्ही एकत्र करतो म्हणून हात थांबतो. लिहितानाच दीर, सासू, शेजारीण समोर येऊन बसतात. त्यांना म्हणावं, तुमची वेळ नंतर. आधी कुणीच वाचणार नाही असं समजून सगळं लिहायचं. मग ठरवायचं की यातलं बाहेर काय जाईल. आणि जिची गोष्ट आहे तिला विचारल्याशिवाय एक ओळही बाहेर जाणार नाही.

आमच्या मैत्रिणीनं लिहिलं. एका बैठकीत पाच पानं. मग आम्ही विचारलं, काय बदलायचं? ती म्हणाली, "नाव बदला, गाव बदला, एकर बदला. पण ती दोन तास दारात उभी व्हती, ते बदलू नका."

आता राहिला वेळेचा प्रश्न. तुम्ही म्हणाल, हे सगळं खरं, पण लिहायला बसायचं कधी? सकाळी डबे, दुपारी काम, रात्री डोळे मिटतात. बहिणाबाई चौधरींना तर लिहिता-वाचताही येत नव्हतं. शेतात, घरात काम करता करता त्या गाणी रचत. मुलगा सोपानदेव आणि एका भावानं ती उतरून घेतली. १९५१ च्या डिसेंबरात बहिणाबाई गेल्या आणि पुढच्या वर्षी, १९५२ साली, त्यांच्या गाण्यांचं पुस्तक निघालं. जात्यावरच्या ओव्या तर हेमा राईरकर आणि गी पॉत्व्हँ यांनी गावोगाव फिरून गोळा केल्या, त्या एक लाखाहून जास्त भरल्या. त्या बायांना कुणी टेबल-खुर्ची दिली नव्हती. हात कामात असले की मन मोकळं होतं, म्हणून ओवी जात्यावर सुचली.

आपल्या हातात आता मोबाईल आहे. भाकरी थापताना, शेंगा फोडताना त्याचं रेकॉर्डिंग चालू करा आणि गोष्ट सांगा. उतरून घेण्याचं काम दुसरीला द्या, नाहीतर लेकीला द्या. सांगणारी एक आणि लिहिणारी दुसरी असली तर सांगणारी अडखळत नाही.

आणखी एक युक्ती. हेमिंग्वे म्हणून एक मोठा अमेरिकन लेखक होऊन गेला, १९५४ साली त्याला नोबेल मिळालं. तो रोजचं लिहिणं पुढं काय होणार हे माहीत असतानाच थांबवायचा, म्हणजे दुसऱ्या दिवशी सुरुवात अडत नसे. आपल्याला हे नवीन नाही. दही सगळं संपवून टाकलं तर उद्या विरजण कशाचं लावणार? चमचाभर मागं ठेवावंच लागतं. गोष्टही रोज चमचाभर मागं ठेवा. वही मिटताना शेवटी एक ओळ लिहा, 'उद्या ती पिशवीतून कागद काढते.' दुसऱ्या दिवशी बसल्या बसल्या हात चालू होतो.

एवढं करूनही एखादी गोष्ट हलत नसेल, तर तिला थोडे दिवस राहू द्या. पण फेकू नका. पहिली पानं जपून ठेवा. आणि पुन्हा उघडाल तेव्हा डोळ्यांनी वाचू नका, कुणाला तरी वाचून दाखवा. "मग?" म्हणणारं एक माणूस शोधा. शेजारची पोर चालेल, सासूबाई चालतील.

आमची गोष्ट मागच्या महिन्यात लागली. आमच्या मैत्रिणीनं सासूजवळ बसून ती ऐकली. नाव वेगळं, गाव वेगळं. संपल्यावर म्हातारी बराच वेळ काही बोलली नाही. मग तिनं एवढंच विचारलं, "त्या कागदावर आईचंबी नाव लागतं म्हनं, खरं का गं?"

गेल्या सोमवारी दोघी सासू-सुना अर्ज देऊन आल्या. पोच घेतली आहे. फेरफार अजून मंजूर व्हायचाय. तो झाला की कळवूच.