लांबच्या वाटेने लवकर

दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला जाणारं एअर इंडियाचं विमान आधी युरोप आणि अटलांटिकवरून जायचं. अंतर सुमारे १३,९०० किलोमीटर. ऑक्टोबर २०१६मध्ये कंपनीने तेच विमान उलट दिशेला, जपानकडून पॅसिफिकवरून सोडलं. वाट चौदाशे किलोमीटरने वाढून १५,३०० झाली आणि प्रवास उरकला साडेचौदा तासांत, म्हणजे पूर्वीपेक्षा जवळपास दोन तास आधी!

शाळेतलं काळ-काम-वेगाचं गणित इथे गडबडतं. भागाकार करून पाहा, सरासरी ताशी १,०५० किलोमीटर येते. प्रवासी विमान हवेतून उडतं ताशी नऊशेच्या आसपास. वरचे दीडशे कुणी दिले?

वाऱ्याने. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम नावाचा झोत वाहतो. थंडीत जपानवर तो ताशी तीनशेचाही पल्ला ओलांडतो. (पृथ्वी खाली फिरते म्हणून विमानाला फायदा होतो, ही समजूत सोडून द्यावी, हवाही पृथ्वीबरोबरच फिरते.) विमानतळावरच्या सरकत्या पट्ट्यावर चालणाऱ्या माणसासारखं हे आहे, पाय नेहमीच्याच गतीने पडतात, पण दुकानं भराभर मागे जातात. त्यामुळे सीटसमोरच्या पडद्यावर कधीकधी ताशी ११००चा आकडा दिसतो. त्या उंचीवरच्या उणे पन्नासच्या थंडीत आवाजाचा वेगही याहून कमी असतो! तरी ना धडाका, ना हादरा. कपातला चहासुद्धा हिंदकळत नाही. कारण भोवतालच्या हवेच्या मानाने विमान नेहमीच्याच चालीने चाललेलं असतं.

हा वारा पहिल्यांदा नीट मोजला जपानच्या वासाबुरो ओइशी यांनी, १९२०च्या दशकात, ततेनो वेधशाळेतून फुगे सोडून. साऱ्या जगाला वाचता यावं म्हणून त्यांनी १९२६मध्ये निष्कर्ष छापले ते एस्परान्तो भाषेत. जगाने ते वाचलेच नाहीत. १९४४मध्ये टोकियोवर बॉम्ब टाकायला निघालेल्या अमेरिकी बी-२९ विमानांची या वाऱ्याने दैना केली, तेव्हा कुठे सगळ्यांचे डोळे उघडले.

मग दिल्ली आणि सॅन फ्रान्सिस्कोमधली सर्वांत जवळची वाट कोणती? पृथ्वीगोलावर दोरा ताणून बघा. तो दिल्लीहून जवळजवळ सरळ उत्तरेला निघतो, हिमालय, सायबेरिया ओलांडून आर्क्टिकच्या बर्फावर जातो आणि अलास्काच्या अंगाने खाली उतरतो. भरतो फक्त १२,४०० किलोमीटर. पण त्या रेषेत तिबेट येतं. केबिनमधला हवेचा दाब गेला, तर विमानाला साधारण तीन किलोमीटरपर्यंत खाली यावं लागतं आणि तिबेटची जमीनच साडेचार किलोमीटरवर!

ज्यांची मुलं सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास, बे एरियात आहेत, त्या घरांत किलोमीटर कोणी विचारत नाही, विचारतात ते तास. त्यांच्यासाठी आणखी एक गंमत. २०१६मध्ये परतीचं विमानही पूर्वेलाच, त्याच वाऱ्याच्या पाठीवर, अटलांटिकवरून यायचं. म्हणजे नातवंडांना भेटून आलेल्या आजी-आजोबांची पृथ्वीप्रदक्षिणाच व्हायची, आणि तिचं वेगळं भाडंही पडत नसे.