तापीच्या मुखाशी उतरणारे धन

बुऱ्हाणपूरच्या शाही किल्ल्याखाली राजघाटाच्या पायऱ्यांशी दिसणारे तापीचे पाणी पश्चिमेस वाहत जाते आणि सुरतेपलीकडे अरबी समुद्रास मिळते. त्याच मुखाशी हजिरा हे ठिकाण आहे. समुद्राच्या तळाखालचा नैसर्गिक वायू नळांवाटे तेथे जमिनीवर आणला जातो. ज्या क्षेत्रांतून तो निघाला त्यांपैकी एकास वसईच्या जुन्या नावावरून ‘बसीन’ म्हणतात आणि दुसऱ्यास आपल्या नदीचेच ‘ताप्ती’ हे नाव आहे. या वायूपासून युरिया तयार होतो. तेव्हा केळीच्या बागेत जे खत पडते त्याचे मूळ बहुधा समुद्राच्या पोटात असते.

ज्या घरांतील मुले नोकरीसाठी आखातात गेली आहेत, तेथे एक प्रश्न नेहमी निघतो. समुद्राखाली वायू आपल्याकडे आहे आणि कतारकडेही आहे; मग कतार धनाढ्य का, आणि आपण त्याचे गिऱ्हाईक का? प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचा हिशेब मांडून पाहू.

कतारजवळ सुमारे २४ लाख कोटी घनमीटर वायू आहे, भारताजवळ सुमारे १.१ लाख कोटी. म्हणजे त्यांची ठेव आपल्या वीसपट. परंतु ठेवीबरोबर वाटेकरीही मोजले पाहिजेत. कतारची वस्ती सुमारे ३० लाख, आपली १४० कोटींवर. तेथे माणशी ८० लाख घनमीटर येतात, येथे जेमतेम ८००. युरियाच्या ४५ किलोच्या एका गोणीस सुमारे २५ ते ३० घनमीटर वायू लागतो. त्या मापाने प्रत्येक भारतीयाच्या वाट्याला आयुष्यभराच्या तीसेक गोण्या येतात. चूल, वीज व कारखाने यांचा विचारही त्यात केलेला नाही. शिवाय कतारच्या त्या ३० लाखांत बहुसंख्य लोक परदेशी कामकरी आहेत. त्यांना मजुरी मिळते, ठेवीत वाटा मिळत नाही; म्हणून तेथील नागरिकाचा खरा वाटा याहूनही मोठा आहे.

तथापि केवळ साठ्यावरून श्रीमंती ठरत नाही. कतारचा हा प्रचंड साठा १९७१ मध्ये सापडला. तेलाऐवजी वायू निघाला म्हणून तेव्हा कोणी फारसे हरखले नाही, कारण वायू न्यायचा कसा हाच प्रश्न होता. तेल निघण्यापूर्वीचा कतार मोत्यांवर जगणारा गरीब देश होता. तेथील मोती मुंबईच्या बाजारात विकले जात आणि १९६६ पर्यंत तेथे भारताने छापलेला रुपयाच चालत असे. साठा सापडल्यानंतरही वीस वर्षे तो जवळजवळ तसाच पडून राहिला. पुढे वायू उणे १६२ अंशांपर्यंत थंड करून त्याचा द्रव करण्याचे कारखाने उभे राहिले. असे केले असता त्याचे आकारमान सहाशेपट घटते आणि तो जहाजात भरता येतो. वायू तोच होता. वाट सापडली तेव्हा त्याला मोल आले.

आपल्याकडेही असेच घडले. मुंबई हाय १९७४ मध्ये सापडले. तेलाबरोबर वायूही वर येई. परंतु तो वाहून नेण्याची पुरेशी सोय नसल्याने कित्येक वर्षे त्यातील बराच भाग समुद्रावरच जाळून टाकावा लागे. हजिराहून मध्य प्रदेशातील विजयपूरमार्गे उत्तर प्रदेशातील जगदीशपूरपर्यंत नळ गेला, तेव्हा त्याच वायूचे खत होऊ लागले.

आता आपली गरज आपल्या विहिरींना भागेनाशी झाली आहे. २०२३-२४ मध्ये देशात सुमारे ३६ अब्ज घनमीटर वायू निघाला आणि जवळपास तितकाच बाहेरून आणावा लागला. कतारचे पहिले जहाज २००४ मध्ये गुजरातेतील दहेज बंदरास लागले. दरवर्षी ७५ लाख टनांच्या त्या कराराची मुदत २०२८ पासून आणखी वीस वर्षे वाढविण्याचे फेब्रुवारी २०२४ मध्ये ठरले. द्रव करणे, जहाजाने आणणे आणि पुन्हा वायू करणे, या प्रत्येक पायरीवर खर्च चढतो. कतारच्या विहिरीपाशी स्वस्त असलेला वायू आपल्या दारी महाग होतो, तो यामुळे. शेतकऱ्यास युरियाची गोणी पावणेतीनशे रुपयांच्या आत मिळते, याचे कारण उरलेला मोठा बोजा सरकारी तिजोरी उचलते. ती तिजोरी आपणच भरतो.

आणि ठेव संपतेही. ‘ताप्ती’ क्षेत्रातून १९९७ च्या सुमारास वायू निघू लागला आणि २०१६ मध्ये तेथील उत्पादन थांबले. वीस वर्षांत एक क्षेत्र रिते झाले. नदीला दर पावसाळ्यात पूर येतो. वायूला येत नाही.

म्हणून कतारचा हेवा करण्यापेक्षा आपल्या हाती आलेली गोणी नीट वापरावी, हे आमच्या मते अधिक शहाणपणाचे आहे. गरजेहून जास्त टाकलेला युरिया पिकास लागत नाही. काही हवेत उडतो, काही झिरपून विहिरीत व नदीत उतरतो. ज्यांच्याकडे ठिबकच्या नळ्या आहेत त्यांनी तो पाण्यातून थोडा थोडा द्यावा. इतरांनी माती तपासून, हप्त्याहप्त्याने मुळाशी द्यावा आणि मातीने झाकावा. शेणखतास विसरू नये. माणशी तीस गोण्यांचा धनी असलेल्या घराने ऐंशी लाख घनमीटरांच्या धन्यासारखा हात सैल सोडून कसे चालेल?